नवीन वर्षात डोंगर चालायचाय? सोलापूरकरांसाठी जरा सविस्तर

डिसेंबर संपत आला की आमच्या ग्रुपवर कुणीतरी टाकतंच, "यंदा वर्षाची सुरुवात डोंगरावर करू बे", आणि पाच मिनिटांत दुसरा कुणीतरी पुण्याकडच्या ट्रेकवाल्यांची यादी चिकटवतो, थर्मल घ्या, जाड जॅकेट घ्या, कानटोपी, हातमोजे, स्लीपिंग बॅग, आणि पाणी एक लिटर. सह्याद्रीतल्या मुक्कामाच्या ट्रेकला ही यादी बरोबर असेल, तिथं रात्री वारा असतो, वाटेत झाडी लागते. आपण सोलापूरकरांनी हीच यादी घेऊन तुळजापूरकडच्या बालाघाट डोंगरांवर जायचं म्हणजे लग्नाला जाताना पावसाळी बूट घालून जायचं.

आम्ही गेलोय तसं. पहिल्या वर्षी पाचजण होतो, पहाटे निघायचं ठरलेलं, निघालो सातला, तुळजापूरला चहा, मग नाष्टा, मग कुणालातरी सेल्फी, चालायला सुरुवात केली साडेनऊला. अकरापर्यंत पाचही जॅकेटं कमरेला बांधलेली, डोक्यावर काही नाही, आणि पाण्याचा मोठा कॅन गाडीत, कारण "थंडीत कुठं एवढी तहान लागते". वर एक शेळ्यावाले मामा बसलेले, त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी दिलं आणि वर विचारलं, "पाणी खाली ठिवून हितं काय हवा खायला आलाव व्हय?" त्यानंतर दरवर्षी जातोय, दरवर्षी काहीतरी नवीन चुकतंय, पण ती चूक परत नाही झाली. तर जे काही शिकलोय ते लिहितो, नवीन जाणाऱ्यांना उपयोग होईल.

आधी एक डोक्यात पक्कं करा. सोलापुरात जानेवारीत पहाटे साधारण १५-१६ अंश असतं, लाट आली तर १० च्या आसपास उतरतं, आणि त्याच दिवशी दुपारी ३० ला टेकतं. म्हणजे एकाच दिवसात स्वेटर पण आणि घाम पण. थंडी दोन तासांची पाहुणी आहे, ऊन घरचं आहे. सगळं नियोजन उन्हाच्या बाजूनं करायचं, थंडीचं आपोआप निभतं.

आता कुठं जायचं. सोलापूर शहरात डोंगर नाही हे सगळ्यांना माहितीये, साडेचारशे मीटरवरचं सपाट माळरान आपलं. पण तुळजापूरच्या रस्त्याला लागलात की समोर जी निळी-करडी भिंत दिसायला लागते तो बालाघाट, आणि घाट चढून तुळजापुरात पोचलात की तुम्ही साडेसहाशे मीटरच्या आसपास असता. ही रांग वरून ताटासारखी सपाट, कडेला उतार, सगळा काळा दगड आणि मुरूम. सह्याद्रीसारखे सुळके नाहीत, चढ छोटा आहे, पण तो छोटा चढ उघडा आहे. जानेवारीत झाडांची पानं गळायला लागलेली असतात, त्यामुळं सावली नावालाच. ह्याच रांगेमुळं पाण्याची वाटणी होते बरं का, एका बाजूचं पाणी मांजरेतून गोदावरीला जातं आणि दुसऱ्या बाजूचं सीनेतून भीमेला, म्हणजे पुढं कृष्णेला. वर पठारावर उभं राहून पोरांना हे सांगितलं की ती दहा मिनिटं शांत बसतात, एवढा त्याचा फायदा नक्की आहे.

माझी पहिली पसंती येडशीचं रामलिंग. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव-येडशी असा चारपदरी रस्ता आहे, नव्वदेक किलोमीटर, पहाटे पावणेदोन तास धरा. एसटीनं जायचं तर धाराशिव-बीडकडं जाणाऱ्या गाड्या येडशीवरून जातात. रामलिंगचं देऊळ दरीत आहे, भोवती डोंगर आणि अभयारण्य, सगळं मिळून साधारण बावीस चौरस किलोमीटरचं छोटंसं जंगल. रावणानं जटायूचे पंख कापले ते इथंच, आणि तहानलेल्या जटायूसाठी रामानं बाण मारून पाणी काढलं अशी कथा सांगतात, जटायूची समाधी पण दाखवतात. तेव्हा पाणी न घेता जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, इथं जटायूचं सुद्धा पाण्यावाचून अडलं होतं आणि आपल्यासाठी बाण मारायला कुणी येणार नाही.

पण रामलिंगला जायच्या आधी एक काम. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या ट्रॅप कॅमेऱ्यात चक्क वाघ आला होता, यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालत आलेला, मग तो बार्शी तालुक्यातही फिरला आणि त्याला पकडायला पथकं आली. बिबट्या, तरस, रानडुक्कर हे तर आहेतच. घाबरायचं म्हणून नाही सांगत, पण अभयारण्य म्हणजे आपलं होम मैदान नाही, वनविभागाला आधी विचारायचं, कुठली वाट चालू आहे, परवानगी लागते का, आणि ते जी वाट दाखवतील तीच धरायची. "आम्ही दरवर्षी येतो" हे वाक्य तिथं चालत नाही, मी वापरून बघितलंय. नाही म्हणाले तर हट्ट करू नका, पर्याय बरेच आहेत.

पर्याय म्हणजे येरमाळ्याची येडेश्वरी, येडशीच्या पुढं त्याच हायवेवर, देवी डोंगरावर आहे. चैत्री पौर्णिमेला तिथं चुनखडी वेचायची मोठी यात्रा असते तेव्हा मुंगीला जागा नसते, जानेवारीत त्या मानानं निवांत. ज्येष्ठ मंडळी किंवा पहिल्यांदाच चढणारे असतील तर मी येरमाळाच सांगेन, पायऱ्यांनी जा, गुडघा बोलायला लागला की बसा. तिसरं म्हणजे कुंथलगिरी, जैनांचं सिद्धक्षेत्र, छोटीशी टेकडी आणि तिच्यावर देवळं, चढण किरकोळ, आणि परत येताना पेढा. आता पेढ्यासाठी डोंगर चढला असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या. आणि अगदीच जमत नसेल तर तुळजापूरलाच घाटशिळेच्या देवळापर्यंत चालत जाऊन या, कोजागिरीला सोलापूर ते तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर रात्रभर चालणारे आपण, तेवढं काय अवघड नाही.

तारखेचं सांगतो. एक जानेवारीला शक्यतो जाऊ नका. एक म्हणजे ३१ च्या रात्रीनंतर पहाटे चारला उठून गाडी चालवणारा माणूस मी अजून बघितला नाही, आणि जो उठतो तो झोपलेलाच नसतो, त्याच्या हातात गाडी देऊ नका. दुसरं, एक तारखेला अर्धं सोलापूर तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरच्या दर्शनाला बाहेर पडलेलं असतं. कॅलेंडर बघून घ्या, पौष अष्टमी ते पौर्णिमा तुळजापुरात शाकंभरी नवरात्र असतं, ते कधी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येतं, कधी नंतर, त्या दिवसांत तुळजापूरच्या आत शिरू नका, बाहेरून निघा. आणि १२ तारखेनंतर तर विषयच नाही, तेव्हा गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा असते, नंदीध्वज म्हणजे मानाच्या उंच काठ्या मिरवणुकीनं निघतात, भोगीला अक्षता, गाव सोडून डोंगरावर जायचं कुणाला सुचतंय. म्हणजे हातात राहतो एक तारखेनंतरचा पहिला रविवार. तोच धरा. तो हुकला तर गड्डा उरकल्यावर जा, जानेवारीच्या शेवटी पण हवा छान असते, फक्त ऊन अजून थोडं चढलेलं असतं.

नंदीध्वजाचा विषय निघालाच आहे तर, ती मानाची काठी पेलणारी माणसं यात्रेच्या कितीतरी आधीपासून सराव करतात, वजन बांधून. वर्षानुवर्षं पेलणारा माणूस सराव करतो आणि आपण वर्षभर खुर्चीत बसून डायरेक्ट डोंगर. निदान पंधरा दिवस आधी सुरू करा. सोलापुरात चढ कुठाय असं विचाराल, तर जिना आहे की. बिल्डिंगचा, ऑफिसचा, रेल्वे स्टेशनच्या पुलाचा. पाठीवर सॅकमध्ये दोन-तीन पाण्याच्या भरलेल्या बाटल्या टाका आणि रोज पंधरा-वीस मिनिटं चढ-उतार करा. लोक चढायचा सराव करतात, उतरताना लिफ्टनं येतात, ते उलटं आहे. चढताना दम लागतो, तो थांबलं की जातो. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला प्रत्येक पावलाला ब्रेक लावावा लागतो, आणि ते दुखणं त्या दिवशी कळतच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं, संडासला बसताना. म्हणून जिना उतरा, हळू उतरा. बाकीच्या दिवशी सिद्धेश्वर तलावाभोवती किंवा कंबर तलावाकडं तासभर चालणं, तेवढं पुरे.

कपडे. आत बनियन किंवा साधा टीशर्ट, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, त्यावर एक स्वेटर जो काढून सॅकमध्ये मावेल. मावेल हे महत्त्वाचं. जॅकेट काढल्यावर एका सॅकमध्ये दुसरं काही बसत नाही. सोलापुरी चादर घ्या, पण गाडीत ठेवा, पहाटे मागच्या सीटवर बसणाऱ्यांना लागते आणि दुपारी झाडाखाली अंथरायला. पाठीवर घेण्यासारखी एकच सोलापुरी वस्तू म्हणजे टॉवेल. पहाटे कानाला गुंडाळा, नऊनंतर डोक्यावर घ्या, दहानंतर थोडा ओला करून मानेवर टाका, पडलात तर बांधायला होतो, बसायला होतो. ज्या गावात जगाचे टॉवेल विणले जातात त्या गावातली माणसं डोंगरावर हजार रुपयांची परदेशी फडकी गळ्यात घालून जातात तेव्हा मला गंमत वाटते.

पँट कुठली घालायची ह्यावर जरा थांबून बोलतो, कारण इथं सगळे फसतात. जानेवारीत बालाघाटावरचं गवत वाळून खडखडीत झालेलं असतं आणि त्याला कुसळं असतात. कुसळ म्हणजे बाणच, टोकदार, मागं बारीक केस, आत शिरलं की पुढंच सरकतं, मागं येत नाही. लोकरीचे मोजे आणि ते मऊ फुगीर ट्रॅकपँट हे कुसळांचं माहेर आहे. मी एकदा घरातले जाड लोकरी मोजे घालून गेलो, अर्ध्या तासात पायाला साळिंदर झालेलं, मोजे शेवटी तिथंच काढून पिशवीत बांधले आणि नुसत्या बुटात उतरलो, टाचेला दोन फोड. तर पँट घट्ट विणीची, गुळगुळीत, शाळेच्या युनिफॉर्मसारखं कापड असतं ना तसली. मोजे सुती, पातळ, दोन जोड्या. पँटचं टोक मोज्यात खोचू नका, उलट पँट मोज्यावर लांब राहू द्या. एक छोटा चिमटा सॅकमध्ये ठेवा, लागतोच. शेळ्या-गुरं बसतात त्या जागी बसू नका, गोचिडी असतात, घरी गेल्यावर काखेत, कमरेला बघून घ्या.

बूट नवीन घेतला तर आठ दिवस घालून फिरा मगच. जुना असला तर पालथा करून बघा, तळ गुळगुळीत झाला असेल तर घरीच ठेवा. मुरमावर गुळगुळीत तळ म्हणजे साबण. नखं दोन दिवस आधी कापा, उतरताना अंगठा बुटाच्या पुढच्या बाजूला आपटत राहतो आणि नख वाढलेलं असलं की काळं पडतं.

पाणी माणशी दोन लिटर, आणि ते पाठीवर, गाडीत नाही. गाडीत आणखी वेगळं ठेवा. थंडीतली हवा कोरडी असते, घाम आला तरी लगेच उडून जातो, शर्ट ओला होत नाही म्हणून आपल्याला वाटतं घाम आलाच नाही. ओठ तडकायला लागले, डोकं जड झालं की समजा उशीर झालाय. त्यामुळं तहान लागो न लागो, वीस मिनिटांनी दोन-चार घोट. एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर घालून न्या. चहाचा थर्मास न्यायचा असेल तर न्या, मी पण नेतो, पण चहा पाण्यात मोजू नका.

खाण्याचं मात्र आपल्याइतकं सोपं कुणाचंच नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. आठवडाभर टिकते, चुरा झाली तरी खाता येते, सांडत नाही, वास मारत नाही, गरम करावी लागत नाही. सोबत दही न्यायचं तर घट्ट झाकणाच्या डब्यात, कांदा वर जाऊन फोडायचा. धपाटे पण चालतात, ते आदल्या रात्री करून ठेवा, आणि पहाटे घरच्या बाईला तीनला उठवू नका हो, तिला पण डोंगरावर न्या आणि डबा सगळ्यांनी मिळून भरा. संक्रांत जवळ आलेली असते, तिळगुळाच्या वड्या घरात असतातच, दोन-दोन खिशात टाका, चढताना पाय जड झाला की तोंडात टाकायला त्याहून चांगलं काही नाही. हुरडा मात्र चालून झाल्यावर. आधी हुरडा खाऊन चढायला लागलेला माणूस आम्ही अर्ध्या वाटेवरून परत आणलाय.

निघायची वेळ. जानेवारीच्या सुरुवातीला आपल्याकडं सूर्य सातच्या जरासा आधी उगवतो, उजाडायला साडेसहाच्या सुमाराला लागतं. संक्रांतीला दिवस तिळातिळानं वाढतो म्हणतात ते खरंय, पण तो संध्याकाळच्या बाजूनं वाढतो, सकाळचा सूर्य जानेवारीच्या मध्यापर्यंत उलट उशिराच येतो. तर पावणेपाचला घरातून निघा, साडेसहाला येडशी, उजाडल्यावर चालायला सुरुवात. अंधारात जंगलात शिरू नका. साडेआठपर्यंत वर, साडेनऊला परतीला, साडेदहा-अकराच्या आत खाली. एवढंच गणित. अकरानंतर उघड्या उतारावर असलात म्हणजे कुठंतरी चहाला जास्त वेळ घालवलाय.

पहाटेच्या रस्त्याबद्दल कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो, अख्ख्या दिवसातला सगळ्यात धोक्याचा भाग डोंगर नाही, हा रस्ता आहे. कारखाने चालू असतात, उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून निघालेले, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं भरलेला, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि ड्रायव्हरनं गाणी एवढ्या मोठ्यानं लावलेली की तुमचा हॉर्न त्याच्यापर्यंत जातच नाही. त्यात धुकं पडलं तर ट्रॉली दिसते ती दहा फुटांवर. हायवे चारपदरी आहे म्हणून शंभरनं मारू नका, साठ-सत्तरला चला, डिपर वापरा, धुक्यात हाय बीम लावू नका, पांढरी भिंतच दिसते. बाईकवर जायचा बेत असेल तर मी म्हणेन नकोच, आणि जाणारच असाल तर छातीला आतून वर्तमानपत्र लावा, आपल्याकडची जुनी युक्ती आहे, वारा लागत नाही. पेट्रोल पंपावर सगळ्यांनी आधीच उरकून घ्या, विशेषतः बायका असतील तर, पुढं सोय असेलच असं धरून चालू नका.

पोचल्यावर एक गंमत अनुभवाल. रामलिंगच्या दरीत पहाटे वरच्यापेक्षा जास्त गारठा असतो. रात्री थंड हवा जड होऊन खाली उतरते आणि दरीत साचते, आणि डोंगर आड असल्यामुळं खाली ऊन पण उशिरा येतं. त्यामुळं खाली दात वाजत असताना "वर तर अजून थंडी असेल" म्हणून लोक सगळं अंगावर चढवतात, आणि वर पंधरा मिनिटांत घामाघूम. स्वेटर चढायला लागायच्या आधी काढा. पहिली पाच मिनिटं काकडाल, नंतर मला आशीर्वाद द्याल.

चढताना सगळ्यात हळू चालणारा पुढं. आमच्याकडं उलट व्हायचं, दोन तरणीताठी पोरं पुढं पळायची आणि वर जाऊन बसायची, मागची मंडळी पोचली की ही उठून पुढं, म्हणजे ज्याला विश्रांती पाहिजे त्यालाच मिळायची नाही. बोलता बोलता चालता आलं पाहिजे, बोलणं तुटायला लागलं की वेग जास्त आहे. उभं चढू नका, नागमोडी चढा, गुरांची वाट बघा कशी जाते, ती कधी सरळ चढत नाही. शेवटचा माणूस ठरवून ठेवा, त्याच्या मागं कुणी राहायचं नाही.

वर गेल्यावर बसा, खा, फोटो काढा, काय करायचं ते करा, फक्त दोन गोष्टी नको. शेकोटी नको, वाळलेलं गवत आहे, एक ठिणगी आणि वणवा लागतो, विडी-सिगारेट पण नको. आणि धूर, सेंट, ड्रोन ह्यांच्यामुळं आग्या मोहोळ उठतं, कड्याच्या कपारीत, मोठ्या झाडाला लोंबणारी पोळी दिसली की आवाज न करता लांबून निघा. उठलंच तर टॉवेल डोक्यावर-तोंडावर घ्या आणि पळा, झटकत उभं राहू नका. साप थंडीत नसतो असं म्हणतात, कमी असतो, नसतो असं नाही. घोणस तर ह्याच दिवसांत सकाळच्या उन्हाला दगडावर, वाटेच्या कडेला पडलेली सापडते आणि वाळल्या पानात दिसत नाही. दगडावर हात ठेवायच्या आधी बघा, बसायच्या आधी काठी आपटा. चुकून चावलाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चोखायचं तर नाहीच, माणसाला चालू न देता उचलून खाली आणा, १०८ ला फोन करा आणि सरळ धाराशिवचं सरकारी हॉस्पिटल. मांत्रिकाकडं नेऊ म्हणणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतो, त्याला वेगळ्या गाडीत बसवा.

उतरताना घाई होते, कारण खाली माकडं, चहा आणि गाडी दिसत असते. मुरमावर पाय सरकतो तो इथंच. छोटी पावलं, गुडघे थोडे वाकलेले, शरीर मागं टाकू नका, मागं टाकलं की पाय पुढं निसटतो आणि माणूस बसतो. जास्त उतार असला तर आडवं उतरा. फोन खिशात. बोलायचं असेल तर थांबून बोला. घसरलात तर हात मागं टेकू नका, मनगट जातं, सॅकवर बसा सरळ, कडक भाकरीचा चुरा होईल, होऊ द्या.

देवळापाशी माकडं आहेत आणि ती आपल्यापेक्षा हुशार आहेत. हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसली की गेली. सगळं सॅकच्या आत, चेन लावलेली. प्रसाद पण. त्यांना खायला देऊ नका, एकाला दिलं की बाकीचे तुमच्या बायकोच्या पर्सपाशी येतात, हे सुद्धा अनुभवाचे बोल. देवळात दर्शन घ्या, थोडं सावलीत बसा, पाय सैल करा, पिंडऱ्या आणि मांड्या ताणून घ्या. कचरा स्वतःचा स्वतः परत आणा, हे सांगावं लागू नये, पण सांगतो.

परतीला आता हुरडा खा. धाराशिव-तुळजापूर-सोलापूर पट्ट्यात ह्या दिवसांत शेतावर हुरडा असतो, ओळखीचं कुणी असेल तर आदल्या दिवशी फोन करून ठेवा, आगटी पेटवायला आणि कणसं भाजायला वेळ लागतो. गरम हुरडा, शेंगाची चटणी, गूळ, बोरं, वर ताक. फक्त सगळ्यांनी पोटभर खाल्लं आणि दुपारचं ऊन काचेतून आलं की अख्खी गाडी झोपते, ड्रायव्हरसकट. म्हणून सकाळी चालवणारा दुपारी चालवणार नाही हे निघतानाच ठरवा, आणि दुपारी चालवणाऱ्याला हुरडा अर्धाच. कुरकुर करतो, करू द्या, त्याला घरी बांधून द्या.

घरी आल्यावर बूट-मोजे दाराबाहेरच काढा. मोजे वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, कुसळं सुटून बाकीच्या कपड्यांत जातात, आमच्याकडं एकदा सगळ्या घराच्या बनियन टोचत होत्या आणि महिनाभर कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. उन्हात वाळवून, चिमट्यानं एकेक काढून, मगच धुवा, आणि फारच भरले असतील तर सरळ फेकून द्या, मोज्याची जोडी पन्नास रुपयाला मिळते.